गाडगेबाबा : लोकांना प्रश्न विचारणारे कीर्तनकार

गाडगेबाबांचे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते. अंगावर रंगीबेरंगी चिंध्या जोडून शिवलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात मातीचे गाडगे. चित्राच्या खाली बहुधा स्वच्छतेविषयी एखादे वाक्य लिहिलेले असते. शाळेत जयंतीच्या दिवशी मुले हातात झाडू घेऊन पटांगण झाडतात, फोटो काढला जातो आणि कार्यक्रम संपतो.

हे चित्र खोटे नाही, पण अर्धे आहे. बाबांनी दिवसा गावोगावचे रस्ते झाडले हे खरे. मात्र ज्या कामासाठी त्यांनी आयुष्य वेचले ते रात्रीचे होते. चांगली शहाणी, कष्टाळू, प्रेमळ माणसे आपणहून खड्ड्यात कशी जातात, दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपले घरदार कसे घालवतात, हे त्यांनी लहानपणापासून अगदी जवळून पाहिले होते. त्या वेडेपणाशी ते पन्नास वर्षे झगडले. हातात शस्त्र एकच होते, प्रश्न. त्यांची आठवण काढायची तर या अंगाने काढावी असे वाटते.

डेबूजीचे घर

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव या खेड्यात, परीट समाजातल्या कुटुंबात. आपण हैदराबादकरांना हे सांगायला हवे की त्या वेळी वऱ्हाड नावापुरता निजामाच्याच मालकीचा होता. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला होता, पण कागदोपत्री शेंडगावचा धनी हैदराबादेतच बसत होता. म्हणजे बाबा जन्माने आपल्याच जुन्या मुलखातले.

वडील झिंगराजी वाईट माणूस नव्हते. घर बरे चालले होते. पण जातीच्या पंगतीत, देवाच्या कंदुरीत, लग्नात आणि मर्तिकातही दारू आलीच पाहिजे अशी रीत होती. बोकड कापायचा, देवाला दाखवायचा, मग सगळ्यांनी बसून खायचे आणि प्यायचे. जो पिणार नाही तो बिरादरीला कमी लेखतो असा समज. झिंगराजींनी पहिला घोट बहुधा असाच, चार लोकांत नाही कसे म्हणायचे म्हणून घेतला असेल. पुढे तो घोट सुटला नाही. घर गेले, प्रकृती गेली आणि डेबू जेमतेम आठ वर्षांचा असताना वडीलही गेले.

आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी आली. मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या गावी तिचे वडील हंबीरराव आणि भाऊ चंद्रभानजी राहत. तिथे डेबू गुरे राखू लागला, मग नांगर धरू लागला. शाळा त्याला कधी मिळाली नाही. पण शेतीत तो पक्का तयार झाला. रात्री गावात भजन असले की तिथे तो पुढे असे. अंगात बळ होते, पोहण्यात पटाईत होता, गळा मोकळा होता. कोणाच्याही घरी काम पडले की बोलावण्याआधी हजर. गावाला असा मुलगा आवडणारच.

सावकाराचा कागद

या घरावर दुसरे संकट आले ते कागदाच्या रूपाने. मामा चंद्रभानजी कष्टाळू, सरळ आणि निरक्षर. सावकाराचे कर्ज झाले होते. पीक आले की पैसे नेऊन द्यायचे आणि सावकाराने तोंडी बरे म्हणायचे, असा व्यवहार. पावती मागणे म्हणजे थोरामोठ्यांवर अविश्वास दाखवणे, असे मामांना वाटे. सावकार गोड बोलत असे, घरी गेले की बसवून घेत असे. एवढा मोठा माणूस आपल्याला फसवील कशाला, हा हिशेब मामांच्या मनात होता. अंगठा कशावर उठवला हे त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक झाले तेव्हा शेत सावकाराच्या नावावर चढलेले होते. मामांनी हाय खाल्ली आणि त्यातच ते गेले.

सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजी नांगर सोडून हटला नाही. त्याने त्यांना पिटाळून लावले. ज्या गावात सावकाराच्या सावलीलाही लोक भीत, तिथे एका परटाच्या पोराने हे केले. पुढे सावकारालाच तडजोड करावी लागली.

या दोन घटना बाबांच्या आयुष्याच्या मुळाशी आहेत. वडील रीतीमुळे गेले आणि मामा विश्वासामुळे. दोघेही मूर्ख नव्हते. रोजच्या शेतीभातीत, माणसे ओळखण्यात ते चार लोकांहून कमी नसतील. पण एक चारचौघांच्या भीतीने फसला आणि दुसरा मोठ्या माणसाच्या भिडेने. पुढे आयुष्यभर बाबा लोकांच्या वेडेपणाला हसले, लोकांनाही हसायला लावले, पण त्यांच्या त्या हसण्यात तुच्छता कधी नव्हती. ज्या माणसांना ते हसत होते त्यांत त्यांचा बाप होता आणि मामा होता.

डेबूजीचे लग्न १८९२ साली कुंताबाईंशी झाले. पहिली मुलगी झाली. बारशाला रीतीप्रमाणे दारू आणि मटण हवे होते. डेबूजीने गोडाचे जेवण केले. भाऊबंद बिघडले, पंगतीत कुरबुर झाली. पण तो ठाम राहिला. दारूने बाप नेला त्याच दारूने लेकीचे बारसे करायचे नाही, एवढी साधी गोष्ट होती. आज ही गोष्ट लहान वाटते. पण आपल्याच बिरादरीच्या पंगतीत, आपल्याच दारात, आपल्याच माणसांना नाही म्हणणे किती जड असते हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. सरकारविरुद्ध भाषण करणे एक वेळ सोपे, आत्या-मामांविरुद्ध ताट वाढणे कठीण.

घर सोडले

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे डेबूजीने घर सोडले. वयाची २९ वर्षे पुरी व्हायला जेमतेम तीन आठवडे उरले होते. घरात म्हातारी आई, बायको आणि लहान मुले होती. अंगावरच्या फाटक्या कपड्यांत, हातात एक काठी आणि एक गाडगे घेऊन ते निघाले. आजी-आजोबांकडून आपण संतांच्या कथा ऐकतो तेव्हा घर सोडण्याचा प्रसंग फार सोपा वाटतो. पण मागे राहिलेल्या कुंताबाईंनी पुढे किती सोसले असेल याचा हिशेब कोणी लिहून ठेवलेला नाही. बाबांच्या थोरवीत त्यांचा वाटा मोठा आहे, हे इथे नोंदवले पाहिजे.

पुढची बारा वर्षे ते भटकत राहिले. कोणी वेडा म्हटले, कोणी चोर समजून हाकलले. मिळेल ती भाकर गाडग्यात घेऊन खायची, त्याच गाडग्याने पाणी प्यायचे, जागा मिळेल तिथे अंग टाकायचे. भाकर घेण्याआधी मात्र त्या घरचे काहीतरी काम करायचे, अंगण झाडायचे, लाकडे फोडायची. फुकटचे खायचे नाही हा नियम. हातातल्या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा, गाडगेमहाराज म्हणू लागले.

या काळातले त्यांचे पहिले मोठे काम ऋणमोचनचे. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी हे ठिकाण आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नावातच ऋणातून सुटका असल्यामुळे तिथे स्नान केले की ऋण फिटते अशी श्रद्धा. काठावर चिखल इतका की म्हातारी माणसे आणि बायाबापड्या घसरून पडत. बाबा त्यांना हाताला धरून नेत, घागरी उचलून देत. मग त्यांनी लोकांकडून पैसा जमवून तिथे घाट बांधून घेतला. स्वतः दगड वाहिले.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. कर्जापायी ज्याचा मामा गेला तो माणूस ऋणमोचनला घाट बांधत होता. स्नानाने सावकाराचे कर्ज फिटत नाही हे त्याच्याइतके कोणाला कळणार? तरी स्नानाला आलेल्या म्हातारीची त्याने थट्टा केली नाही. तिचा पाय घसरू नये म्हणून आधी पायऱ्या बांधल्या आणि मग रात्री तिला समजावून सांगितले की कर्ज काढून सण करू नका. हा क्रम त्यांनी कधी सोडला नाही. आधी माणसाच्या उपयोगी पडायचे आणि मगच त्याचे चुकते कुठे ते सांगायचे.

कीर्तन

बाबा गावात येत ते बहुधा कोणाला न कळवता. वेशीपासून खराटा चालू करत. गटारे, उकिरडे, देवळाचे आवार साफ करत. लोकांना वाटे, कोणी भिकारी आहे किंवा वेडा आहे. संध्याकाळपर्यंत बातमी पसरे की हेच ते गाडगेमहाराज, आणि रात्री शेता-मैदानात हजारो माणसे जमत. मंडप नको, गादी नको, हारतुरे नकोत.

आपल्याकडच्या नारदीय कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग असतो, आख्यान असते, संस्कृत श्लोक असतात. बाबांचे कीर्तन तसे नव्हते. भाषा अस्सल वऱ्हाडी. मध्ये तुकोबांचे आणि कबीराचे दाखले. सुरुवातीला आणि मध्येमध्ये गोपाळाच्या नावाचा गजर, टाळ्यांच्या तालावर. आणि बाकी सगळे प्रश्न. बाबा प्रश्न विचारत आणि समोरचे हजारो लोक एका सुरात होय किंवा नाही म्हणत. त्यांना उत्तर द्यावेच लागे. बाबा एक पायरी पुढचा प्रश्न विचारत, पुन्हा उत्तर. असे करता करता लोक स्वतःच्याच तोंडाने आपला वेडेपणा कबूल करत आणि मग हास्याचा मोठा लोट उठे.

देवळातल्या देवाची गोष्ट घ्या. देवळात दिवा नसला तर देव दिसतो का, असे ते विचारत. लोक नाही म्हणत. म्हणजे देवाला दाखवायला दिवा लागतो. मग दोघांत मोठा कोण? लोक चपापत. नैवेद्य ठेवला आणि कुत्रे आले तर देव हाकलतो का की आपल्याला काठी घ्यावी लागते? पुन्हा लोक चपापत. सत्यनारायणाच्या पोथीत बुडालेली नौका वर येते, तर लढाईत समुद्रात बुडालेली एवढी जहाजे सरकार पूजा करून वर का काढत नाही, असेही ते विचारत. हा प्रश्न ऐकून भटजीबोवाही गालात हसत असतील.

यात एक गंमत आहे. हा माणूस नास्तिक नव्हता. गोपाळाचे नाव त्याच्या ओठांवर अखंड असे. पंढरपूरची वारी त्याने कधी चुकवली नाही, पण विठ्ठलाच्या देवळात शिरण्यापेक्षा चंद्रभागेचे वाळवंट झाडण्यात तो रमत असे. देव आहे की नाही हा त्याचा वाद नव्हताच. देवाच्या नावावर कोण कोणाचे खिसे कापतो, कोण बोकड कापतो आणि कोणाची पोरे त्यापायी उपाशी झोपतात, हा त्याचा सवाल होता. देव माणसात पाहा, भुकेल्याला अन्न द्या, तहानलेल्याला पाणी द्या, उघड्याला वस्त्र द्या, मुलांना शाळेत घाला, या सांगण्यापलीकडे त्याच्याकडे वेगळे तत्त्वज्ञान नव्हते.

लोकांना चुकीच्या वाटेला लावणाऱ्या गोष्टी बाबांच्या हिशेबी फार थोड्या होत्या. भीती ही पहिली. मूल आजारी पडले की वैद्याकडे न जाता भगताकडे जायचे, नवस बोलायचे, कोंबडे-बोकड कापायचे. दुसरी गोष्ट चारचौघांतली इभ्रत. मुलीच्या लग्नात गावजेवण नाही घातले तर नाक कापले जाईल म्हणून शेत गहाण टाकायचे, आणि पंगतीत जेवून गेलेला एकही जण पुढे व्याज भरायला येत नाही. तिसरी दारू. आणि या सगळ्यांच्या खाली अक्षराची ओळख नसणे, म्हणजे मामांचा अंगठा. म्हणून ते सांगत की भांडीकुंडी नसली तरी चालेल, हातावर भाकर घेऊन खा, बायकोला स्वस्तातले लुगडे घ्या, पण मुलाला शाळेत पाठवल्याशिवाय राहू नका. स्वतः निरक्षर असलेल्या या माणसाने शिक्षणासाठी जितका जीव टाकला तितका शिकलेल्यांनीही क्वचितच टाकला असेल.

पैशाचा हिशेब

असा माणूस लोकप्रिय झाला की त्याच्याकडे पैसा येऊ लागतो. बाबांकडेही लाखो रुपये आले. इथेच मोठमोठ्यांची परीक्षा होते. लोकांच्या भोळेपणावर कोरडे ओढणारा बुवा त्याच भोळेपणावर स्वतःचा मठ उभारतो, हे आपण पाहत आलो आहोत.

बाबांनी पैसा दगडमातीत घातला. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना कोणी ओसरीवरही उभे करत नसे. त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या गरीब रोग्यांच्या नातेवाइकांना फुटपाथवर झोपावे लागू नये म्हणून तिथेही सोय केली. अंध-अपंगांसाठी सदावर्ते चालवली, गोरक्षणाची कामे उभी केली, शाळा आणि वसतिगृहांना हात दिला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेवर त्यांचे फार प्रेम. कऱ्हाडला १९५४ साली निघालेल्या रयतच्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे.

या सगळ्या इमारतींत बाबा स्वतः राहिले नाहीत. धर्मशाळा बांधून झाली की ते पुढच्या गावाला. शेकडो माणसांच्या पंगती ते उठवत, पण स्वतः त्या पंगतीत बसत नसत. बाजूला जाऊन मागून आणलेली भाकर-चटणी खात. कारभार विश्वस्तांकडे सोपवला आणि आपल्या घरच्यांचा या मालमत्तेवर काही हक्क नाही हे आधीच पक्के करून टाकले. कुंताबाई आणि मुले साध्या झोपडीत राहिली. मामाची जमीन कागदाने गेली होती. हा कागद मात्र त्यांनी नीट लिहवून घेतला.

१९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. एक अक्षरशत्रू कीर्तनकार आणि एक जगन्मान्य विद्वान. एक गोपाळाचे नाव घेणारा आणि दुसरा त्या देवळांची दारे नाकारून पुढे गेलेला. पण मुलांच्या हातात पाटी आली पाहिजे यावर दोघांचे एकमत होते, आणि परस्परांविषयी आदर होता.

आपलाच देव होऊ नये म्हणून

बाबांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड झगडा सावकाराशी नव्हता की भगताशी नव्हता. तो त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या माणसांशी होता.

रात्री कीर्तनात बुवाबाजीवर पोट धरून हसलेला माणूस कीर्तन संपताच उठून बाबांच्या पायांवर लोटांगण घालायला धावे. बाबा काठी उगारत, प्रसंगी हाणतही. मार खाल्लेला माणूस घरी जाऊन सांगे की महाराजांचा प्रसाद मिळाला. आता काय करावे? लोकांना एक वेडेपणा सोडायला सांगावा तर ते तो सांगणाऱ्यालाच नव्या वेडेपणाचे कारण करतात. म्हणून बाबा कीर्तन आटोपले की गर्दीच्या मागच्या अंगाने अंधारात निघून जात. आपला कोणी शिष्य नाही आणि आपण कोणाचे गुरू नाही, असे ते जाहीर सांगत. मंत्र दिला नाही, माळ घातली नाही, गादी ठेवली नाही, वारस नेमला नाही.

बाबांना लोकांचे मन ओळखता येत होते. हजारोंचा समुदाय त्यांच्या एका शब्दावर हसे, रडे आणि खिसे रिकामे करी. ही ताकद ज्याच्या हातात येते तो लोकांना कुठेही नेऊ शकतो. बाबांनी ती लोकांना स्वतःच्या पायांवर उभे करण्यासाठी वापरली. माझ्यावर विश्वास ठेवा, असे ते म्हणाले नाहीत. मी विचारतो, तुम्ही उत्तर द्या, एवढेच त्यांचे मागणे होते.

१९२३ साली ते कोकणात कीर्तन करीत असताना मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. कीर्तन थांबले नाही. या प्रसंगाकडे कोणी वैराग्य म्हणून पाहतो, कोणाला तो कठोर वाटतो. घरी कुंताबाई एकट्या होत्या हे आठवले की मन अस्वस्थ होते, आणि ते व्हावेच. थोर माणसांच्या चरित्रातल्या अशा जागा गुळगुळीत करून सांगणे हासुद्धा आंधळ्या भक्तीचाच प्रकार आहे, आणि तो खुद्द बाबांनाही आवडला नसता.

प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच, १९५२ साली, त्यांचे चरित्र लिहिले. प्रबोधनकार स्वतः भटभिक्षुकीवर तुटून पडणारे लेखक. त्यांनाही हा चिंध्या पांघरलेला माणूस आपला वाटला. गो. नी. दांडेकर तरुणपणी बाबांबरोबर हिंडले आणि त्यांनीही पुढे त्यांच्यावर लिहिले. त्याच १९५२ साली बाबांनी उभ्या केलेल्या कामांसाठी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली.

शेवट

१९५६ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईला वांद्र्याला झालेले कीर्तन त्यांचे शेवटचे. ते ध्वनिमुद्रित झाले आणि आजही ऐकायला मिळते. वय ८०, शरीर थकलेले, तरी प्रश्न तेच आणि समोरून येणारे उत्तरांचे हास्यही तेच. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीच्या पुलावर, मोटारीतून नेत असतानाच बाबांनी देह ठेवला. ज्याने आयुष्यभर स्वतःचे घर केले नाही तो गेलाही रस्त्यावर. अमरावतीत त्यांची समाधी आहे, आणि तिथल्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

त्यांनी लोकांना शहाणे केले का? प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे तर थोडेफार. अनेक गावांतली कंदुरी बंद झाली, अनेकांनी दारू सोडली, हजारो मुले शाळेत गेली. पण त्यांच्या कीर्तनात हसलेल्यांपैकी कितीतरी जण पुढच्या हंगामात पुन्हा सावकाराच्या ओसरीवर बसले असतील. आज सावकाराची ओसरी नाही. त्याऐवजी पैसे दुप्पट करून देणारी योजना असते, मोबाईलवर आलेला पोलिसाच्या आवाजातला दरडावणारा फोन असतो, एकवीस जणांना पाठवा म्हणणारा निरोप असतो, कर्ज काढून केलेले हॉलमधले लग्न असते. अंगठ्याऐवजी आता आपण ओटीपी देतो. आणि फसणारे सगळे निरक्षर नसतात. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले असतात, डॉक्टर असतात, आपल्या ओळखीचे, आपल्या मंडळातलेही असतात. आत चालणारी कळ मात्र तीच, झिंगराजींची आणि चंद्रभानजींची. चार लोक काय म्हणतील आणि एवढा मोठा माणूस खोटे कशाला बोलेल.

फसलेल्या माणसाला घरात सर्वांत आधी ऐकावे लागते ते म्हणजे तुला अक्कल नाही का. मग तो पुढच्या वेळी सांगतच नाही आणि आणखी खोल बुडतो. बाबांनी मामाला वेडा ठरवले नाही, ते मामाच्या शेतात नांगर धरून उभे राहिले. कोणी फसला तर आधी त्याच्या बाजूला उभे राहावे, मग शांतपणे एक-एक प्रश्न विचारत जावे. एवढे जरी आपल्या घराघरांतून झाले तरी पुष्कळ.

अनंत चतुर्दशीला आपण गणरायाला निरोप देतो. ढोल थांबतात, गुलाल बसतो, माणसे दमून घरी जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात पानाफुलांचा खच, पत्रावळी, दिव्यांच्या वाती आणि धुळीत तुडवलेल्या अक्षता पडलेल्या असतात. दर वर्षी मंडळाचे चार-पाच कार्यकर्ते मुकाट्याने येऊन ते सगळे आवरतात. त्यांचे नाव स्मरणिकेत छापले जात नाही. यंदा त्या सकाळी आपणही अर्धा तास लवकर उठून जाऊ या. खराटा हातात असला की मनात प्रश्न येऊ लागतात, आणि बाबांना त्याहून वेगळे काही नको होते.